पाचवं हळकुंड

इरम्माला तिच्या नवऱ्यानं तीस वर्षांत एकदाही गाडीतून कुठं नेलं नव्हतं. हैदराबाद, पुणे, बेळगाव, पार गुजरातपर्यंत त्याची चाकं फिरून आली, पण बायकोला माहेरी आळंदला जायचं तर एसटीच. "गाडीत बाईमाणूस नको, ध्यान फाटतं," एवढं एकच उत्तर शांतलिंगकडं होतं. आणि आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, चहाची बशी खाली ठेवता ठेवता हा माणूस म्हणतो कसा, "आवर. परंड्याला माल टाकायचाय. तू बी चल, उमाला भेटून येऊ."

उमादेवी ही त्यांची लेक, परंड्याला दिलेली. इरम्मा लाटणं हातात धरून बघतच राहिली.

"ताप तर न्हाय न्हवं आला तुम्हाला?"

"नऊला निघू," शांतलिंग म्हणाला.

विचारलं काय, सांगितलं काय! पण हे आता जळकोटच्या त्या घरात नवीन राहिलं नव्हतं. गेली दोन वर्षं टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकाला जात होता. फोन आला की "रेंज न्हाय" म्हणून तो इरम्माच्या हातात यायचा. शांतलिंगनं एक युक्ती काढली होती. समोरच्याचे ओठ थांबले की अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचं. लागला तर बाण, नाही तर म्हातारपण. पण "काय म्हणालीस?" असं काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. मेला तरी निघालं नसतं.

इरम्माला सगळं कळत होतं आणि ती गप्प बसत होती. कारण नवऱ्याचा कान हा काही साधा कान नव्हता. नळदुर्गपासून उमरग्यापर्यंतच्या ढाब्यांवर त्या कानाचं नाव होतं.

शांतलिंग चालवायचा तो ट्रेलर. पुढं इंजनाचं धूड, त्याला सगळे घोडा म्हणतात, आणि मागं लांबलचक ट्रेलर, दोन्ही वेगळे. घोड्याच्या पाठीवर ग्रीस माखलेलं मोठं लोखंडी ताट असतं. ताटाला मागून खाच आणि खाचेच्या पोटात जबडा. ट्रेलरच्या पोटाखाली मनगटाएवढी एक पिन असते. घोडा हळूहळू मागं घेत ट्रेलरखाली सारायचा, पिन खाचेतून आत शिरली की जबडा मिटतो. चाळीस टनांचा सगळा संसार त्या एका पिनेवर! जबडा नीट मिटला का, हे बाकीचे ड्रायव्हर बॅटरी घेऊन, गुडघे टेकून, खाली वाकून बघायचे. शांतलिंग बघायचा नाही, तो ऐकायचा. दुसऱ्याची गाडी जोडताना दहा पावलांवर चहा पीत उभा असला तरी म्हणायचा, "अर्धाच बसलाय रं, काढ परत." आणि वाकून बघावं तर खरंच अर्धा. असल्या माणसाला बायकोनं कुठल्या तोंडानं म्हणावं, की तुमचा कान गेला?

आता ह्या गोष्टीत इरम्माचाही एक गुन्हा आहे, तो लपवून चालणार नाही.

दसऱ्यासाठी शांतलिंगनं भरलेला ट्रेलर नळदुर्गबाहेर माणिकप्पाच्या ढाब्यामागं उभा केला आणि नुसता घोडा घेऊन घरी आला. खंडेनवमीला घोडा धुतला, विभूतीचे पट्टे ओढले, झेंडूच्या माळा घातल्या. एवढं दरवर्षीचं. ह्या वर्षी इरम्मा शिडीवरून चढून मागच्या ताटापाशी गेली आणि तिथं तिनं चक्क ओटी भरली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, पाच सुपाऱ्या, पाच खारका, पाच हळकुंडं. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं इरम्मा, घोड्याची ओटी कुणी भरतं का?"

"घोडा कुठला, सवत हाय माझी," इरम्मा म्हणाली. "तीस वर्षं नवरा तिच्यापाशी झोपतो. पर पोटाला बी तीच घालती की! एवढं वझं मानंवर घेती, मग वर्षातनं एकदा ओटी नको तिची?"

सकाळी निघायच्या घाईत ती ओटी तिनंच गोळा करून पिशवीत भरली. तांदूळ झाडले, हाताला लागलं ते उचललं. शांतलिंगनं मागोमाग डबा घेऊन ताटावर ग्रीसचा जाड थर चोपडला. दोघंही घाईत होते. तिला लेकीकडं जायचं होतं आणि त्याला, त्याचं त्याला ठाऊक.

नऊला ती घोड्यात चढून बसली. हिरवं इरकल, केसात झेंडू, मांडीवर पिशवी. गावातून जाताना तिनं मुद्दाम काच खाली केली. बघू देत की सगळ्यांना!

"वीरप्पा कुठं गेला?" तिनं वाटेत विचारलं. वीरप्पा हा क्लीनर, बारा वर्षं शांतलिंगबरोबर असलेला. शांतलिंग म्हणाला, "ऊन लई हाय." तिनं मान डोलावली.

माणिकप्पाच्या ढाब्यामागं ट्रेलर आपल्या दोन लोखंडी पायांवर उभा होता. पाठीवर साखर कारखान्याचे दुरुस्त करून आणलेले रोलर, एकेक चार बैलांएवढा. शांतलिंग उतरला आणि इरम्मानं प्रथमच नवऱ्याला त्याच्या कामात बघितलं. घरात पाण्याचा तांब्या स्वतः न घेणारा माणूस इथं कसा हिंडत होता! ट्रेलरच्या चाकांना पुढून मागून दगड लावले. घोड्याचं ताट आणि ट्रेलरचं पोट ह्यांची उंची नजरेनं मापली. दांडा फिरवून ट्रेलरचे पाय दोन बोटं खाली घेतले. मग त्यानं इरम्माला दंडाला धरून बाजूला नेऊन उभं केलं.

"हितंच ऱ्हा. चाकापासनं लांब. काय बी झालं तरी दोन्हीच्या मधी शिरायचं न्हाय. आन खट् असा आवाज आला की हात वर कर. मला आरशात दिसतो."

"मी?" इरम्मा म्हणाली. "आन तुम्हाला न्हाय व्हय ऐकू यायचा?"

हे मात्र त्याला तिच्या ओठांवरून बरोबर समजलं. "इंजनाचा गोंगाट असतो आत," तो दुसरीकडं बघत म्हणाला.

इंजन तर मांजरासारखं गुरगुरत होतं. त्याच इंजनावर बसून ह्याच माणसानं तीस वर्षं आवाज ऐकला होता. इरम्माच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वीरप्पाला का आणलं नाही ते समजलं. बायकोवर एकाएकी माया का आली तेही समजलं. लेकीचं नाव पुढं करून ह्यानं आपले कान आणले होते बरोबर!  हिरवं इरकल नेसून, गावाला दाखवत आपण बाई निघालो, आणि कशाला? तर क्लीनरच्या जागेवर.

घोडा मागं येऊ लागला. आरशात शांतलिंगचा चेहरा दिसत होता. डोळे तिच्यावर रोखलेले, लहान पोरानं मास्तरांच्या तोंडाकडं बघावं तसे. तो चेहरा बघितला आणि तिचा राग गेला कुठल्या कुठं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं घाबरलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

ताट ट्रेलरखाली घुसलं. लोखंड लोखंडावर घासलं आणि आतून आवाज आला, खट्!

इरम्मानं हात वर केला.

शांतलिंगनं गाडी हलकेच पुढं ओढून बघितली, दोनदा. ट्रेलर जागचा हलला नाही. मग हवेचे पाईप जोडले, लाईटची वायर लावली, दांडा फिरवून ट्रेलरचे पाय वर घेतले, दगड काढले. खाली वाकून मात्र त्यानं बघितलं नाही. तीस वर्षांत बघितलं नव्हतं, आज काय म्हणून बघेल?

"बस," तो म्हणाला. आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

ढाब्यामागून हायवेपर्यंत शंभरएक पावलांचा मातीचा रस्ता. गाडी डुलत निघाली. इरम्मानं तोंडात टाकायला सुपारी काढावी म्हणून पिशवीत हात घातला. ओटीची सुपारी नको, दुसरी असेल तर बघावी, म्हणून तिनं सगळं मांडीवर ओतलं. पाच सुपाऱ्या. पाच खारका. हळकुंडं चार.

तिनं पिशवी उलटी करून झटकली. पुन्हा मोजली. चारच.

ओटीत तिनं पाच घातली होती. तिच्या हातून चार कधी पडली नसती, आईनं तसं वळणच लावलं नव्हतं. मग पाचवं कुठं गेलं? ताटाला मागून खाच होती. खाचेच्या आत तो जबडा, ओटी भरताना उघडाच होता. आणि सकाळी वरून ग्रीसचा थर.

"अवं," ती म्हणाली. "गाडी थांबवा. एक हळकुंड आत ऱ्हायलंय."

"व्हय, शेंगाची चटणी आवडती उमाला," शांतलिंग म्हणाला. "घेऊ तुळजापुरात."

"चटणी न्हाय वं! हळकुंड! जबड्यात!"

"पवनचक्क्या त्या. लई झाल्यात आता."

समोर हायवे आला. कडेनं माणसांची रांग लागली होती. कोजागरीला तुळजापूर गाठायला कर्नाटकातून पायी निघालेली माणसं. एका बाईच्या कडेवर पोर होतं, पायात काही नव्हतं. ह्यांच्याच बाजूनं गाडी जाणार, तुळजापूरच्या अलीकडचा चढ चढणार, आणि त्या चढाला जबडा सुटला तर? मागचे ते रोलर, आणि त्यांच्या मागं ही रांग.

इरम्मा घाबरली की तिच्या तोंडून माहेरची कानडीच बाहेर पडायची. "निल्लस्री!" थांबवा म्हणून ती किंचाळली, "निल्लस्री!" आणि गिअरवरचा त्याचा हात तिनं दोन्ही हातांनी गच्च धरला.

शांतलिंगनं गाडी हळूच उभी केली. रागानं लाल झाला होता.

"वरडतीस कशाला? ऐकू येतं मला!"

"काय म्हणाले म्या? सांगा."

त्यानं हात सोडवून घेतला.

"सांगा की! आत्ता काय म्हणाले?"

त्यानं काचेतून बाहेर बघितलं. "शेंगा..." तो पुटपुटला.

"न्हाय येत तुम्हाला ऐकू," इरम्मा त्याचा चेहरा आपल्याकडं वळवून एकेक शब्द सावकाश म्हणाली. "दोन वर्षं झाली. मला म्हाईत हाय. घरात म्या गप ऱ्हाते, रोज ऱ्हाते. हितं न्हाय ऱ्हायची."

 तीस वर्षांत तिनं नवऱ्याचा चेहरा असा धरला नव्हता.  मग तिनं तळहात पुढं केला. चार हळकुंडं. पाचव्याच्या जागी तिनं मोकळं बोट टेकवलं आणि मागं, ताटाकडं दाखवलं.

हे समजायला कान लागत नव्हता. शांतलिंगचा चेहरा पांढरा पडला. त्यानं ब्रेक ओढला, इंजन बंद केलं, उतरला. आधी चाकांना दगड लावले, मग ट्रेलरचे पाय पार जमिनीला टेकवले. आणि मग तीस वर्षांत पहिल्यांदा शांतलिंग गुडघ्यावर बसला, हात टेकून वाकला आणि ताटाखाली बॅटरीचा उजेड टाकला.

जबड्याचं हँडल पूर्ण आत जायला हवं होतं. ते चार बोटं बाहेर होतं. जबडा पिनेला नुसता चावल्यासारखा अडकला होता आणि त्याच्या कडेला, काळ्या ग्रीसमध्ये, पिवळं काहीतरी चेचलेलं होतं.

त्यानं पाईप आणि वायर काढली, हँडल ओढलं, घोडा पुढं घेतला. खाचेतून ते हळकुंड बोटानं उकरून काढलं आणि पायरीवर बसला. हळकुंड हातात तसंच. इरम्मा शेजारी येऊन बसली.

"किती आवाज आले?" त्यानं विचारलं.

तिनं एक बोट दाखवलं.

"दोन येत्यात," शांतलिंग म्हणाला. "खट् म्हंजी जबडा मिटला. मग बारीक टक्. म्हंजी कुलूप बसलं. माझा हैदराबादी उस्ताद म्हणायचा, बेटा, एकीच आवाज आया तो नीचे उतर."

"मग सांगायचं न्हवं आधी!" इरम्मा उसळली. "मला बाईला काय सपान पडलं व्हतं?"

"सांगितलं असतं तर..." तो हातातलं हळकुंड उलटंसुलटं करू लागला. "तर तू म्हणाली असतीस, तुमी ऐका की. मग काय सांगू? खट् बी येत न्हाय आता. गेल्या शिमग्यापासनं काहीच येत न्हाय. वीरप्पा 'लागलं' म्हणायचा, म्या त्याच्या तोंडाकडं बघायचो. त्याला वास आलाय. मालकाच्या कानावर गेलं तर उद्या घरी बसवतील. म्हणून त्याला येऊ नको म्हणालो."

इरम्मानं त्याच्या हातातलं हळकुंड काढून घेतलं.

"कानासाठीच आणलं तुला," शांतलिंग म्हणाला. "खोटं कशाला बोलू? राग आला?"

"आला की!" ती मोठ्यानं म्हणाली, त्याला समजेल असं तोंड करून. "तीस वर्षांनी गाडीत बसवलं, ते बी कामाला! इरकल नेसून आले व्हते म्या!"

शांतलिंगला हसू आलं आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. ग्रीसच्या हातानं पुसायला गेला, तर गालावर काळा पट्टा उमटला.

"दुसऱ्याच्या कानावर कसा इस्वास ठेवू गं?" तो म्हणाला. "तू माझा खोकला वेशीपासनं वळखतीस. म्हणलं, आपलाच कान हाय, आपल्याच घरातला."

 तिनं पदराच्या टोकानं त्याच्या गालावरचं ग्रीस पुसलं. नवीन इरकल खराब झालं, पण होऊ दे.

"बार्शीत कानाचा डाक्टर हाय," ती म्हणाली. "वाटंतच हाय. तिथं थांबायचं."

"आन मालकाला?"

"तुमीच सांगायचं. यंत्र लावून चालवू दिलं तर चालवा. न्हाय तर घरी बसा. भाकर कमी पडंल, माणूस तर पुरा ऱ्हाईल." मग ती हातातल्या हळकुंडाकडं बघत म्हणाली, "आन चूक माझी बी हाय. ओटी म्या भरली, म्याच उचलली. मोजली न्हाय."

"आन म्या न बघता ग्रीस लावलं," शांतलिंग म्हणाला. "उगं सगळं आपल्याकडं वढू नको."

दुसऱ्यांदा जोडताना त्यानं आधी जबडा आतून पुसला, बॅटरी लावून बघितला, तिलाही दाखवला. इरम्मा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. घोडा मागं आला. लोखंड घासलं. खट्! ती थांबली. श्वास धरून थांबली. मग बारीकसा, कुलपात किल्ली फिरावी तसा, टक्.

इरम्मानं दोन बोटं वर केली.

शांतलिंगनं गाडी ओढून बघितली. ट्रेलर ढिम्म. मग तो उतरला आणि दोन बोटांवर विश्वास असूनही गुडघ्यावर बसला. हँडल पार आत होतं. ताट आणि ट्रेलरचं पोट ह्यांच्या मधून उजेड दिसत नव्हता. जबडा पिनेभोवती घट्ट मिटला होता. "ये, तू बी बघ," तो म्हणाला. इरम्मा इरकल सावरत, हात टेकत त्याच्या शेजारी वाकली. ढाब्याच्या दारातून माणिकप्पा ही दोन म्हातारी माणसं ट्रेलरखाली डोकी घालून काय बघतायत ते बघत होता.

"मिटलाय," इरम्मा म्हणाली.

"दिसलं," शांतलिंग म्हणाला.

मग पाईप, मग वायर, मग ट्रेलरचे पाय वर, मग दगड. पाचवं हळकुंड इरम्मानं पदराच्या टोकाला बांधून ठेवलं.

गाडी हायवेला लागली. चालणाऱ्या माणसांच्या बाजूनं शांतलिंग अगदी हळू हाकत होता. कडेवरच्या पोरानं गाडीला हात केला, इरम्मानंही केला. खिडकीतून धूळ आत येत होती. "तुमच्या बाजूची काच जरा वर घ्या," ती म्हणाली. ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं, सवयीनं म्हणाली एवढंच. आता काहीतरी शेंगांचं नाही तर उन्हाचं उत्तर येईल म्हणून ती गप्प बसली.

शांतलिंगनं गाडी आणखी हळू केली. डोळे रस्त्यावरच ठेवून त्यानं डोकं तिच्याकडं झुकवलं, कान पार तिच्या खांद्यापर्यंत आणला.

"काय म्हणालीस?"

दोन वर्षांनी!  तिनं सांगितलं. त्याला समजलं नाही. "काय?" त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा काच, धूळ सगळं विसरून ती रडत रडत हसू लागली, आणि त्यानं चौथ्यांदा विचारलं.